गाणं कुणाच्या मालकीचं, त्यावर पडद्यावरचं प्रेम

गणपती जवळ आले की आमच्या ऑर्केस्ट्राची तालीम रोज असते. शाहूपुरीत एका गोडाऊनच्या वर खोली आहे, तिथं. मी कीबोर्ड वाजवतो. आमच्यात एक मुलगा आहे, दोन्ही आवाजांत गातो. ड्युएटचं एक कडवं पुरुषाच्या आवाजात, पुढचं बाईच्या, मध्ये श्वास घेतल्याचंही कळत नाही. लोक शिट्ट्या मारतात, वन्स मोअर घेतात, आणि तो स्टेजवरून खाली उतरला की त्याच तोंडानं त्याला नावं ठेवतात. त्याचं नाव इथं लिहीत नाही.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी पावसानं लाइट गेली, तालीम बंद पडली, आणि कुणाच्या तरी लॅपटॉपवर आम्ही क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावरचा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा सिनेमा लावला. शेवटी लाइव्ह एड या मदतनिधीच्या मोठ्या कार्यक्रमातली गाणी सुरू झाली तेव्हा बाकीची पोरं टेबलावर ठेका धरून होती. हा भिंतीला टेकून गप्प. सिनेमा संपला तसा म्हणाला, “दादा, ह्यानं पोरावर जीव लावला म्हणून ह्याला रोग झाला, असंच सांगितलंय न्हवं?”

मला लगेच उत्तर देता आलं नाही. सिनेमा तसं सांगत नाही, असं म्हणणं खोटं झालं असतं. आणि आयुष्यात तसंच घडलं होतं, असं म्हणणं त्याहून मोठं खोटं. त्याला द्यायच्या उत्तरासाठी मी बरंच वाचलं, बरंच पुन्हा पाहिलं. ते इथं मांडतो.

आधी माणूस कोण ते. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बलसारा. पारशी घर, जन्म १९४६ साली झांजिबारला. शाळा मात्र पाचगणीची, सेंट पीटर्स. कोल्हापूरहून साताऱ्याला जायचं, तिथून वाई, मग पसरणीचा घाट चढला की पाचगणी. तिथल्या बोर्डिंगमध्ये १९५८ साली शाळासोबत्यांबरोबर त्यानं ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड केला. म्हणजे जगभर गाजलेला तो आवाज फुटला तो आपल्या सह्याद्रीत. पुढं इंग्लंड, क्वीन हा बँड, आणि २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सनं मृत्यू. त्याच्या आयुष्यात बाईवरचं प्रेम होतं, पुरुषांवरचंही होतं.

क्वीअर हा शब्द अशाच माणसांसाठी वापरतात. समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी, आणि ज्यांचं प्रेम किंवा ज्यांची स्वतःबद्दलची जाणीव स्त्री-पुरुष या ठरल्या जोडीत बसत नाही, ते सगळे त्यात येतात. इंग्रजीत ती एके काळी शिवी होती. ज्यांना ती घातली जायची त्यांनीच ती उचलून आपलं नाव केलं.

आता ‘प्रतिनिधित्व’. शब्द जड आहे, अर्थ साधा: आपल्यासारखं माणूस पडद्यावर दिसतं का, आणि दिसलं तर कसं दिसतं. पहिला अर्धा प्रश्न मोजता येतो. अमेरिकेतल्या ग्लाड या संस्थेनं २०१३ साली त्यासाठी एक कसोटी आणली आणि तिला व्हिटो रुसो या चित्रपट अभ्यासकाचं नाव दिलं. सिनेमात स्पष्टपणे क्वीअर असलेलं पात्र आहे का? त्याची ओळख तेवढ्यापुरतीच तर नाही ना? आणि ते पात्र काढून टाकलं तर कथा अडते का? फ्रेडीवरचा सिनेमा या कसोटीत आरामात पास होतो. आमच्या गायकाच्या मनाला लागलं ते मात्र कसोटीच्या बाहेरचं होतं.

इथं पॉप संगीतावरच्या सिनेमांची एक खास अडचण समजून घ्यावी लागते. मला ती लवकर समजली, कारण आमचा धंदाच गाण्यांचा. साध्या चरित्रपटाला कथा, नट आणि पैसा लागतो. गायकावरच्या चरित्रपटाला या सगळ्याच्या वर गाणी लागतात. आणि गाण्याला दोन मालक असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क एकाकडे, बहुधा गीतकार-संगीतकार किंवा त्यांच्या प्रकाशन कंपनीकडे. स्टुडिओत झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क दुसऱ्याकडे, बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे. तिकीट लावून कार्यक्रम केला की आमच्यासारख्यांनाही लायसन्स काढावं लागतं. सिनेमातल्या दृश्याला गाणं जोडायचं असेल तर त्यासाठी आणखी वेगळी परवानगी, आणि ती द्यायची की नाही हे पूर्णपणे मालकाच्या मर्जीवर. कारण सांगायचंही बंधन त्याच्यावर नाही.

एखाद्या प्रसिद्ध माणसाच्या आयुष्यातल्या जगजाहीर घटना सांगायला बऱ्याच देशांत कुणाची परवानगी लागत नाही. गाणं वाजवायला मात्र लागतेच. म्हणजे गायकाची गोष्ट तुम्ही सांगू शकता, पण त्याच्या गाण्याशिवाय. आणि गाण्याशिवायचा गायक बघायला थिएटरात कोण येणार?

टॉड हेन्स या दिग्दर्शकानं १९९८ साली ‘व्हेल्वेट गोल्डमाइन’ केला. सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये पुरुष गायक डोळ्यांत काजळ, अंगात चमचमते कपडे आणि उंच टाचांचे बूट घालून गायचे, त्या ग्लॅम रॉकच्या काळावर. नायक डेव्हिड बोवी या इंग्लिश गायकावरून बेतलेला, आणि पुरुषांचं पुरुषांवरचं प्रेम कथेच्या गाभ्यात. बोवीनं आपली गाणी द्यायला नकार दिला. हेन्सनं नाव बदललेला नायक ठेवला, दुसरी गाणी घेतली, आणि सिनेमा मोकळा झाला. त्यातलं प्रेम कुणाला घाबरत नाही. पण तो फार लोकांपर्यंत पोचला नाही.

आता फ्रेडीवरचा सिनेमा बघा. क्वीनची गाणी हवीत म्हणजे क्वीनचे हयात सदस्य हवेत. ब्रायन मे आणि रॉजर टेलर सुरुवातीपासून या कामात होते, बँडचे मॅनेजर जिम बीच निर्मात्यांपैकी एक. सुरुवातीला फ्रेडीच्या भूमिकेसाठी साशा बॅरन कोहेन हा नट ठरला होता, २०१३ साली तो बाहेर पडला. नंतर एका मुलाखतीत त्यानं सांगितलं की बँडमधल्या एकाच्या मनात असलेल्या सिनेमात फ्रेडी मध्यावर मरतो आणि पुढची गोष्ट बँड कसा सावरला याची असते. ज्यांच्याकडे गाण्यांच्या किल्ल्या होत्या त्यांना स्वतःचीही गोष्ट हवी होती. मला हे माणूस म्हणून समजतं. मित्राच्या आठवणीला डाग लागू नये असंही वाटत असेल. पण त्याची किंमत कुणी मोजली, ते पडद्यावर दिसतं.

सिनेमात काय होतं? फ्रेडी आपल्या प्रेयसीला, मेरी ऑस्टिनला, सांगतो की मी बहुतेक उभयलिंगी आहे. ती म्हणते, नाही, तू समलिंगी आहेस. तो विषय तिथंच मिटतो, आणि दोन्हीकडे जीव लावू शकणारा माणूस एका वाक्यात एकाच रकान्यात बसवला जातो. पुढं तो पुरुषांच्या संगतीत जातो. संगतीला त्याचा मॅनेजर पॉल प्रेंटर, सिनेमातला खलनायक. मग पार्ट्या, नशा, एकटेपणा. बँड सोडून स्वतःचा अल्बम, म्हणजे घर सोडल्यासारखं. मग आजार. मग पश्चात्ताप, मित्रांची माफी, आणि लाइव्ह एडच्या सरावाच्या वेळी त्यांना आजाराची कबुली. त्यानंतर ते भव्य गाणं. वाट चुकलेला मुलगा घरी परतला, असा हा सगळा साचा.

तारखा लावून बघा. लाइव्ह एड झालं १३ जुलै १९८५ रोजी. फ्रेडीला एचआयव्ही असल्याचं निदान झालं ते १९८७ साली, असं त्याच्या जवळच्या माणसांच्या सांगण्यावरून मानलं जातं. म्हणजे लाइव्ह एडच्या, लंडनमधल्या वेम्बली स्टेडियमच्या त्या स्टेजवर मरणाची कबुली देऊन आलेला माणूस गातच नव्हता. बँडही तुटला नव्हता. क्वीनचा दौरा त्याच वर्षी मे महिन्यात जपानमध्ये संपला होता, गडी पूर्ण तयारीत होते. एकट्यानं अल्बम काढण्याचं पाप म्हणाल, तर ड्रमर रॉजर टेलरनं ते १९८१ मध्येच केलं होतं. प्रेंटरला काढलं तेही लाइव्ह एडनंतर.

सिनेमात तारखा थोड्या इकडंतिकडं होतातच, त्याची माझी तक्रार नाही. तक्रार दिशेची आहे. एकेक बदल वेगळा बघितला तर किरकोळ. सगळे एका ओळीत ठेवले की पुरुषावरचं प्रेम, बिघडणं, रोग आणि माफी अशी साखळी तयार होते, आणि भिंतीला टेकून बसलेल्या पोराला ती बरोबर ऐकू येते.

हा सिनेमा २०१८ चा. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधून संमतीनं ठेवलेले समलिंगी संबंध वगळले. सिनेमानं जगभरात ९० कोटी डॉलरच्या वर धंदा केला, चार ऑस्कर घेतले, फ्रेडी साकारणाऱ्या रामी मलेकला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं मिळालं. चीनमध्ये तो दाखवताना काही मिनिटं कापली गेली. चुंबनं गेली, आणि बँडचे चौघं बायकांच्या वेशात व्हिडिओ करतात तो प्रसंगही गेला. ऑस्कर घेताना मलेक फ्रेडीला समलिंगी पुरुष म्हणाला, तर तिथल्या एका वाहिनीनं खालच्या ओळीत ‘विशेष गट’ असं भाषांतर दाखवलं. परदेशी बाजार हाही पडद्यावरच्या प्रेमाचा एक मोजणारा. कोणत्या देशात काय चालेल याचा हिशेब अनेकदा लिहितानाच होतो.

आणखी एक मोजणारा म्हणजे प्रमाणपत्र. आपल्याकडे यू, यूए, ए असतं तसं अमेरिकेत पीजी-१३ आणि आर. पीजी-१३ मिळालं की शाळकरी मुलंही येतात, गल्ला मोठा होतो. फ्रेडीचा सिनेमा पीजी-१३ होता. पुढच्याच वर्षी इंग्लिश गायक एल्टन जॉनवरचा ‘रॉकेटमन’ आला, तो आर. काही स्टुडिओंना त्यातलं शरीर आणि नशा सौम्य करून पीजी-१३ मिळवायचं होतं. एल्टन जॉननं स्वतः लिहिलं की मी काही पीजी-१३ आयुष्य जगलेलो नाही.

इथं गाण्याच्या मालकीचा प्रश्न उलटा फिरतो, आणि मला हीच या सगळ्यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते. एल्टन जॉन हयात होता. निर्मात्यांमध्ये त्याचा नवरा डेव्हिड फर्निश होता. ज्याचं आयुष्य, त्याच्याच हातात गाण्यांच्या किल्ल्या. म्हणून त्या सिनेमात दोन पुरुषांमधली ओढ सरळ, उजेडात दिसते. त्याचा मॅनेजर जॉन रीड त्याला लुबाडतो, पण खलनायक तो त्या लुबाडण्यामुळं ठरतो, त्याच्या पुरुषावरच्या प्रेमामुळं नाही. शिवाय नायकाचा उद्धार कुणाच्या माफीवर अवलंबून नाही. तो व्यसनमुक्तीच्या वर्तुळात बसून स्वतःच स्वतःला मिठी मारतो. या सिनेमाचा धंदा साधारण १९ कोटी डॉलरचा झाला, फ्रेडीच्या सिनेमापेक्षा कितीतरी कमी. रशियात त्यातली काही मिनिटं कापली, सामोआ देशानं तर तो बंदच केला. खरं दाखवण्याचे पैसे कमी मिळतात, हे त्या आकड्यांवरून निर्माते शिकतात, आणि मला याची काळजी वाटते.

जुन्या काळात तर मोजायचाही प्रश्न नव्हता. हॉलिवूडवर १९३४ पासून १९६८ पर्यंत एक आचारसंहिता होती, तिनं समलिंगी प्रेमाचा उल्लेखही बंद केला होता. गीतकार कोल पोर्टर पुरुषांवर प्रेम करायचा. १९४६ साली त्याच्या हयातीतच त्याच्यावर सिनेमा आला, त्यात तो बायकोशी एकनिष्ठ गृहस्थ. खरं काय ते पडद्यावर यायला २००४ साल उजाडलं, दुसरा सिनेमा, आणि तोवर तो माणूस जाऊन ४० वर्षं झाली होती.

बायकांच्या वाट्याला यातलं आणखी कमी आलं. दोन पुरुषांचं प्रेम निदान कापावं लागतं. दोन बायकांचं प्रेम ‘मैत्रीण’ या एका शब्दाखाली सहज झाकून जातं. अमेरिकन गायिका व्हिटनी ह्यूस्टन २०१२ साली गेली. रॉबिन क्रॉफर्ड ही तिची अनेक वर्षांची जवळची मैत्रीण, आणि सुरुवातीला दोघींचं नातं शारीरिकही होतं, हे रॉबिननं २०१९ मध्ये पुस्तकात लिहिलं. २०२२ च्या चरित्रपटात ते नातं दिसतं, आणि मला त्याचा आनंद आहे. पण ते पहिल्या भागात दिसतं आणि मग गाण्यांच्या गर्दीत मागं पडतं.

आता इतकं लांबचं बघून झाल्यावर आपल्या दारात यावं लागेल. पॉप म्हणजे लोकांचं आवडतं, बाजारात चालणारं संगीत. आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी ते नाट्यसंगीत होतं, आणि गावोगावी तमाशा. दोन्हींत पुरुष साडी नेसायचे. आमच्या कोल्हापूरचे केशवराव भोसले, १८९० ते १९२१, यांनी स्त्रीभूमिका गाजवल्या. त्यांच्या नावाचं नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा खासबागेच्या बाजूला उभं राहून मोठमोठी माणसं रडताना मी पाहिली. बालगंधर्वांची साडी नेसण्याची ढब तर घरंदाज बायका उचलायच्या. इकडं हा मान, आणि फडावरच्या नाच्याच्या वाट्याला टवाळी. साडी दोघांच्याही अंगावर. एकाचा प्रेक्षक बंगल्यातला, दुसऱ्याचा जत्रेतला, एवढाच फरक, असं मला वाटतं.

मराठी सिनेमात नाच्या म्हटलं की गणपत पाटील. कोल्हापूरचाच माणूस, २००८ साली गेले. घरी बायको-मुलं, संसार. पण हात मुरडत, लाडिक आवाजात केलेलं ते पात्र लोकांनी पडद्याबाहेरही त्यांच्या अंगाला चिकटवलं, आणि त्याचा त्रास त्यांच्या घरापर्यंत पोचला. ज्या पात्रावर अख्खं थिएटर हसलं, त्या पात्राला स्वतःचं मन असेल, त्याचा कुणावर जीव असेल, याचा विचार त्या कथांमध्ये जवळजवळ कधी झाला नाही. तो हसवून बाजूला व्हायचा आणि लावणी सुरू व्हायची.

मग १ जानेवारी २०१० रोजी ‘नटरंग’ आला. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा, कागलच्या मातीतला. पैलवान गडी गुणा फड उभा करतो, नाच्या मिळत नाही म्हणून स्वतः नाच्या होतो, आणि गाव, घर, बायको, मुलगा सगळं त्याच्यावर उलटतं. मला हा सिनेमा फार जवळचा आहे. टवाळीची धार काय असते हे त्यानं लाखो लोकांना पोटात कळवलं. तरीही एक गोष्ट खटकते. गुणा ‘खरा पुरुष’ आहे हे सिनेमा आपल्याला पहिल्यापासून पटवत राहतो, आणि आपली सगळी माया त्या पटण्यावर उभी राहते. गैरसमज झालेल्या पुरुषासाठी आपण रडतो. ज्याच्याबद्दल गैरसमज झालेलाच नाही, जो खरोखर पुरुषावर प्रेम करतो असा नाच्या, त्याच्यासाठी रडायची वेळ तो सिनेमा आपल्यावर आणत नाही. २००९ च्या ‘जोगवा’तला तायाप्पाही तसाच. साडी नेसवून यल्लम्माला सोडलेला पुरुष, पण जीव जडतो तो जोगतिणीवर. उपेंद्र लिमयेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो रास्तच होता. पण सलग बघितलं की कळतं, आपला सिनेमा साडीपर्यंत धीटपणानं गेला आणि प्रेमापाशी थांबला.

आमच्या ऑर्केस्ट्रात मी काय केलं तेही सांगतो, कारण दुसऱ्यांच्या सिनेमांना बोल लावून मोकळं होणं बरोबर नाही. त्या मुलाची ओळख करून देताना आमचा निवेदक एक ठरलेलं वाक्य टाकायचा, हशा हमखास. मी इतकी वर्षं त्या हशावर रिदम सोडत आलो. या वर्षी निवेदकाला सांगितलं, ते वाक्य काढ, सरळ नाव घे आणि ‘दोन्ही आवाजांत’ एवढंच म्हण. तो म्हणाला, पब्लिक गार पडेल. पहिल्या कार्यक्रमाला थोडं पडलंही. मग कडवं सुरू झालं.

सिनेमाचं हे सगळं मी त्या मुलाला जमेल तसं सांगितलं. तारखा, हक्क, प्रमाणपत्र. तो ऐकत होता, पण त्याच्या डोक्यात दुसरंच होतं.

“त्या जिमचं पुढं काय झालं? लाइव्ह एडच्या दिवशी आईबापाला भेटवायला नेतो तो?”

जिम हटन. सिनेमात तो फ्रेडीच्या घरी पार्टीत वाढपी म्हणून भेटतो. खरा जिम लंडनच्या एका मोठ्या हॉटेलात केस कापायचा, आणि त्यांची ओळख क्लबात झाली. तो फ्रेडीच्या घरी राहायला आला तो अखेरपर्यंत. बाग त्यानं सांभाळली, त्यामुळं बाहेरच्यांसाठी तो माळी होता. फ्रेडीनं दिलेली सोन्याची अंगठी त्याच्या बोटात असायची. आजारपणात उशाशी तोच. फ्रेडी गेल्यावर घर मेरीकडं गेलं आणि जिमला ते सोडावं लागलं. त्यानं १९९४ साली आठवणींचं पुस्तक लिहिलं, आयर्लंडला परत गेला, आणि १ जानेवारी २०१० ला वारला. इकडं ‘नटरंग’चा पहिला शो लागला त्याच दिवशी.

“त्याच्यासंगं संसार केला, त्याची सेवा केली, आणि लोक माळी म्हणायचे?”

“हो.”

“मग त्या माळ्यावर काढा म्हणावं की एक पिक्चर,” तो म्हणाला, आणि बाईच्या आवाजातल्या कडव्यासाठी माझ्याकडं काळी चारचा सूर मागितला.